हस्सानुल हिंद आझाद बिलग्रामी (रह.) : ऐकलेले पारखून लिहिणारा आलिम

येलदरी, जिंतूर, सेलू या आपल्या भागातील अनेक कुटुंबे सवडीने खुलताबादच्या जियारतीला जातात. हजरत मुंतजिबुद्दीन जर जरी जर बख्श (रह.), हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) यांच्या मजारींवर फातिहा होतो, बादशाह औरंगजेबांची साधी, उघडी कबर पाहिली जाते आणि मंडळी वेरूळकडे किंवा परतीच्या वाटेला लागतात. गावाबाहेर अमीर हसन सिज्जी (रह.) यांची मजार आहे, तिकडे वळणारे थोडे, आणि तिच्याजवळच आणखी एक आलिम विसावला आहे हे ठाऊक असणारे त्याहून थोडे. त्यांचे नाव मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या स्तुतीत त्यांनी अरबी भाषेत इतके सरस काव्य लिहिले की, प्रेषितांचे कवी हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांच्या नावावरून लोक त्यांना हस्सानुल हिंद म्हणू लागले. मदरशांत त्यांची ओळख होते ती याच नावाने. त्यांच्या काव्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात मात्र त्यांच्या दुसऱ्याच गुणाविषयी लिहायचे आहे. कानावर आलेली गोष्ट कागदावर उतरवण्यापूर्वी ती कोणी सांगितली, त्याला ती कशी कळली आणि आपण ती कोणत्या नात्याने पुढे देत आहोत, हे पाहण्याची सवय त्यांना होती. ही सवय कशी जडली, हे त्यांच्या चरित्रातच दिसते.

त्यांचा जन्म १७०४ साली अवधमधील बिलग्राम येथे झाला. आजच्या उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यातले हे गाव. इराकमधील वासित शहराशी आपले मूळ जोडणाऱ्या सय्यदांची ही वस्ती, आणि इल्म हाच तिचा लौकिक. प्राथमिक ग्रंथ त्यांनी मीर तुफैल मुहम्मद यांच्याकडे वाचले. पण त्यांच्यावर खोल ठसा उमटला तो आजोबांचा, म्हणजे आईचे वडील मीर अब्दुल जलील बिलग्रामी यांचा. अरबी, फारसी, हदीस आणि प्रेषित-चरित्र यांत ते निष्णात होते. तरुण आझादांनी दिल्लीत त्यांच्याजवळ राहून सुमारे दोन वर्षे अध्ययन केले. हे आजोबा केवळ विद्वान नव्हते. औरंगजेबांच्या काळापासून ते सिंधमध्ये भक्कर आणि सेहवान येथे वाकिआनिगार, म्हणजे सरकारी वृत्तलेखक होते.

या पदाविषयी थोडे सांगायला हवे. मुघल राज्यात प्रत्येक सुभ्यात, महत्त्वाच्या ठाण्यात वाकिआनिगार नेमलेला असे. सुभेदाराने काय केले, बाजारात भाव काय, पीक कसे, बंड कुठे, हे सारे लिहून त्याने दरबारी धाडायचे. शेकडो कोसांवर बसलेल्या बादशाहाचे डोळे आणि कान तेच. त्याने ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून लिहिली तर एखादा निरपराध अधिकारी पदावरून जाई. खरी गोष्ट भीतीने दडपली तर रयत नाडली जाई. एकेका ओळीवर माणसांचे नशीब अवलंबून असे.

मीर अब्दुल जलील यांच्या चरित्रात एक विलक्षण हकीकत येते. बादशाह फर्रुखसियर यांच्या राज्यात त्यांनी आपल्या वृत्तात कळवले की, त्यांच्या हद्दीत आकाशातून साखरेसारखे गोड काही पडले. दरबारात हे वृत्त बनावट ठरवले गेले आणि त्यांचे पद गेले. पुढे ते त्यांना परत मिळाले आणि नंतर त्यांच्या मुलाकडे गेले.

ही हकीकत मला फार बोधप्रद वाटते, कारण तिच्यापुढे दोन सोपी उत्तरे तयार असतात. एक म्हणतो, अल्लाहच्या कुदरतीला काय अशक्य आहे, म्हणून हे खरे. दुसरा म्हणतो, असे कधी घडत नाही, म्हणून हे खोटे. दोघांनीही चौकशी केलेली नाही. अल्लाहच्या सामर्थ्याला सीमा नाही हा आपला ईमान आहे. पण त्यावरून अमुक दिवशी, अमुक गावी, अमुक गोष्ट घडलीच, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी साक्षीदार लागतो. कोणी पाहिले, किती जणांनी पाहिले, जमिनीवरून उचलून चाखले की नुसते ऐकले, ते झाडांवरही होते की फक्त उघड्यावर? काही झुडपांवर किडे गोड स्राव सोडतात आणि तो वाळून खडीसाखरेसारखा दिसतो, हे आज आपल्याला माहीत आहे. सिंधमध्ये त्या दिवशी तसेच काही घडले असेल का, हे आता ठरवता येणार नाही. पण विचित्र म्हणून वृत्त फेटाळणारा दरबार आणि विचित्र म्हणून ते डोक्यावर घेणारी गर्दी, दोघेही एकाच आळसाचे धनी आहेत.

आझादांनी हे घरातले प्रकरण जाणूनच पुढे तेच काम हाती घेतले. १७३०च्या सुमारास ते सेहवानला मामा मीर मुहम्मद यांच्याकडे गेले आणि त्यांचे नायब म्हणून सुमारे चार वर्षे वृत्तलेखन केले. पंचविशीतला मदरसा शिकलेला तरुण, हातात लेखणी, समोर रोज येणाऱ्या दहा तोंडांच्या दहा गोष्टी. ग्रंथ वाचून जी शिस्त येत नाही ती या कचेरीत आली असावी, असे त्यांचे पुढील लेखन पाहून वाटते.

आपल्या पूर्णाकाठच्या लोकांना हे लवकर समजेल. पावसाळ्यात धरण भरत आले की दरवाजे उघडल्याची बातमी फोनवरून गावोगाव पसरते. कधी ती गेल्या वर्षीची चित्रफीत असते, कधी दुसऱ्याच धरणाची. खोट्या बातमीने लोक रात्री सामान उचलतात हे नुकसान दिसते. पण खरे नुकसान पुढे होते. दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा खऱ्या इशाऱ्यालाही हलत नाही. पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बातमी आणणाऱ्याची बातमी तपासून घेण्याची आज्ञा आहे, आणि कारणही तिथेच दिले आहे : अजाणतेपणी तुम्ही एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल. म्हणजे तपासणी हा केवळ हुशारीचा प्रश्न नाही, तो दुसऱ्याच्या जिवाचा आणि अब्रूचा प्रश्न आहे.

आता पुन्हा आझादांकडे. १७३७ साली, घरच्यांना न सांगता, ते हजसाठी पायी निघाले. त्या वेळी निजामुल्मुल्क आसफजाह माळव्यात बाजीराव पेशव्यांच्या मोहिमेला तोंड देत होते. त्यांची गाठ पडली आणि त्यांच्या मदतीने पुढचा प्रवास सुकर झाला. सुरतेहून जहाजाने ते अरबस्तानात पोहोचले. मदीना मुनव्वरा येथे त्यांनी शेख मुहम्मद हयात सिंधी (रह.) यांच्याकडे सहीह बुखारी वाचली आणि हदीस सांगण्याची इजाजत मिळवली. हे शेख मूळचे सिंधचे, मदीनेत स्थायिक झालेले आणि त्या काळातील नामवंत मुहद्दिस. मक्केत शेख अब्दुल वहाब तंतावी (रह.) यांच्याकडूनही त्यांनी लाभ घेतला. पुढे त्यांनी सहीह बुखारीच्या जकातच्या प्रकरणापर्यंत अरबी भाष्यही लिहिले.

आपल्या मुलांना मकतबमध्ये हदीस पाठ करवली जाते. पण हदीसचे शास्त्र कशावर उभे आहे हे क्वचित सांगितले जाते. प्रत्येक हदीसच्या मागे सनद असते, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी. मुहद्दिसांनी त्या साखळीतील एकेका माणसाचे चरित्र तपासले. तो सत्यवचनी होता का? त्याची स्मरणशक्ती म्हातारपणी ढळली होती का? ज्याच्याकडून ऐकले असे तो म्हणतो, त्याची आणि याची भेट शक्य होती का, की एक वारला तेव्हा दुसरा पाळण्यात होता? माणूस कितीही परहेजगार असला तरी स्मरणशक्ती कच्ची असेल तर त्याचे कथन बाजूला ठेवले गेले. नेक असणे आणि नेमके असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ओळखण्याचे धैर्य त्या बुजुर्गांनी दाखवले, तेही ज्यांच्यामागे स्वतः नमाज पढली असती अशा माणसांच्या बाबतीत. सेहवानच्या कचेरीतून आलेला वृत्तलेखक जेव्हा मदीनेत हे शास्त्र शिकला, तेव्हा दोन्ही शिस्तींचे मूळ एकच आहे हे त्याला कोणी सांगावे लागले नसेल.

हजनंतर ते बिलग्रामला परतले नाहीत. सुरतेला उतरून १७३९ साली औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरात आले आणि बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या तकियात सुमारे सात वर्षे राहिले. तकिया म्हणजे ज्याला आज आपण पाणचक्की म्हणून ओळखतो ते ठिकाण. लांबच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून जाते फिरवणारी ती चक्की १७४४च्या सुमारास, त्यांच्या तिथल्या मुक्कामातच उभी राहिली. सहलीला जाणाऱ्या मुलांना चक्की दाखवताना या पाहुण्याचेही नाव सांगावे.

निजामुल्मुल्क यांचे पुत्र नासिरजंग यांना त्यांचा स्नेह जडला. आझाद त्यांच्याबरोबर मोहिमांतही हिंडले, थेट अर्काटपर्यंत. तेव्हा त्यांना जगापासून दूर राहिलेला फकीर म्हणणे बरोबर होणार नाही. दरबार त्यांनी जवळून पाहिला. पण १७४८ साली नासिरजंग गादीवर आले आणि आता हवे ते पद घ्या असे मित्रांनी सुचवले, तेव्हा त्यांनी नकार दिला. त्यांनी उदाहरण दिले ते सूरह बकरातील तालूत यांच्या नदीचे : ओंजळभर पिणाऱ्याला मुभा होती, त्याहून अधिक पिणारा परीक्षेत उतरला नाही. या नकारात वैराग्य आहेच, पण मला त्यात लेखकाची सावधगिरीही दिसते. ज्याच्या हातून मन्सब घेतले त्याच्या कारकिर्दीविषयी उद्या तटस्थपणे कसे लिहिणार? दोनच वर्षांनी, डिसेंबर १७५० मध्ये, नासिरजंग दक्षिणेतील छावणीत मारले गेले आणि त्यांच्या भोवतीचे कित्येक जण पांगले.

त्याच १७४८ साली आझादांनी रौजतुल औलिया हा छोटा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात खुलताबादच्या बुजुर्गांची चरित्रे आहेत. चार शतके लोटलेल्या औलियांविषयी लिहिताना करामतींच्या कथा हव्या तितक्या मिळतात. आझादांनी आधार धरला तो त्या बुजुर्गांच्या सोहबतीत लिहिल्या गेलेल्या जुन्या मल्फूजांचा. ज्यांच्या शेजारी ते आज विसावले आहेत ते अमीर हसन सिज्जी (रह.) याच पद्धतीचे उत्तम उदाहरण होत. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांची प्रवचने त्यांनी फवाइदुल फुआद या ग्रंथात टिपली आणि टिपलेले पीरांना दाखवून दुरुस्त करून घेतले. त्याच हजरतांच्या नावावर कोणी तरी एक पुस्तक चालवले होते; ते आपले नसल्याचे त्यांना स्वतः सांगावे लागले. औलियांवरील प्रेमापोटी त्यांच्या तोंडी न उच्चारलेले शब्द घालणे हे प्रेम नव्हे, हे त्या काळीही सांगावे लागत होते. आज सुंदर अक्षरांत, गुलाबाच्या चित्रावर, कोणत्याही थोर नावाखाली कोणतेही वाक्य फिरते. आपण मान डोलावतो आणि पुढे पाठवतो.

आझादांच्या आयुष्यातील ज्या प्रसंगाने मला त्यांच्याकडे ओढले तो आता सांगतो. औरंगाबादेत त्यांचे एक मित्र होते, समसामुद्दौला शाहनवाज खान. नासिरजंग यांनी पित्याविरुद्ध केलेल्या बंडात त्यांची बाजू घेतल्याने शाहनवाज खान निजामुल्मुल्क यांच्या मर्जीतून उतरले आणि सुमारे पाच वर्षे घरी बसले. त्या सक्तीच्या फुरसतीत त्यांनी मआसिरुल उमरा हा ग्रंथ रचायला घेतला. अकबर बादशाहांपासून आपल्या काळापर्यंतच्या मुघल सरदारांची ही चरित्रे. नंतर दिवस पालटले, ते सलाबतजंग यांचे मुख्य कारभारी झाले, ग्रंथ मागे पडला. फ्रेंच सेनानी बुसी यांच्या पक्षाशी त्यांचे वैर वाढत गेले. ११ मे १७५८ रोजी बुसी यांचा दिवाण हैदरजंग मारला गेला आणि त्याचा सूड म्हणून, कैदेत असलेल्या शाहनवाज खानांना त्यांच्या एका कोवळ्या मुलासह ठार करण्यात आले. घर लुटले गेले. दागिन्यांबरोबर कागदही गेले.

आझाद त्या कागदांच्या मागे लागले. शहरात तणाव, मारल्या गेलेल्या माणसाचे नाव घेणेही धोक्याचे, आणि हे एका अपुऱ्या हस्तलिखिताची चौकशी करीत फिरत होते. सुमारे वर्षभराने ते हाती लागले, तेही विस्कटलेले आणि त्रुटित. त्यांनी पाने जुळवली, जिथे चरित्र हरवले होते तिथे काही आपल्या लेखणीने भरले, आरंभी प्रस्तावना आणि मूळ लेखकाचे चरित्र जोडले. लेखक मारला गेलेला, प्रत एकच. ग्रंथ स्वतःच्या नावावर करणे किती सोपे होते! त्यांनी तो शाहनवाज खानांच्याच नावाने जगापुढे ठेवला. पुढे मोठे पुत्र अब्दुल हय खान यांनी १७८० साली ग्रंथ पूर्ण केला तेव्हा आपण घातलेल्या चरित्रांवर ओळखीचे अक्षर टाकले, म्हणजे वडिलांचे कोणते आणि आपले कोणते हे वाचणाऱ्याला कळावे. सातशेहून अधिक चरित्रांचा हा ग्रंथ आज मुघलकाळाचा कोणताही अभ्यासक टाळू शकत नाही. शब्द ज्याचा त्याला देणे ही अमानत आहे. आपण ती पैशांपुरती मानतो.

निवाडा करतानाही त्यांचा हात बहुधा समतोल असे. इराणहून आलेले कवी शेख अली हजीन हिंदुस्थानी लोकांविषयी तुच्छतेने बोलत. दिल्लीचे विद्वान सिराजुद्दीन अली खान आरजू यांनी चिडून हजीन यांच्या काव्यातील दोष काढणारे पुस्तकच लिहिले. आझाद स्वतः हिंदुस्थानी, शिवाय हजीन यांना भक्कर येथे भेटलेले. खजाना-ए-आमिरा या ग्रंथात त्यांनी आरजू यांचे आक्षेप घेऊन काही ग्राह्य तर काही अग्राह्य ठरवले. पूर्ण बाजू कोणाचीच घेतली नाही, म्हणून दोन्हीकडचे चाहते नाराज झाले असतील तर नवल नाही.

बहुधा म्हटले ते जाणूनबुजून. पानिपतच्या युद्धानंतर दोनेक वर्षांत, १७६२-६३ मध्ये, लिहिलेल्या याच ग्रंथात मराठ्यांचा वृत्तांत आहे आणि इतिहासकार तो महत्त्वाचा मानतात. पण पेशव्यांच्या कारभाराविषयी लिहिताना त्यांची लेखणी कडवट होते. ते निजामाच्या शहरात राहत होते, त्यांचे मित्र त्या राजकारणात होरपळले होते. आज कोणी त्यातील एखादे वाक्य काढून एखाद्या समाजावर फेकेल तर तो आझादांचा शागिर्द नव्हे. कथन करणारा कोण, कुठे बसून सांगतो आहे, हा प्रश्न त्यांनी इतरांना विचारला. तो त्यांनाही विचारला पाहिजे, आणि त्याने त्यांचा मान कमी होत नाही.

असाच एक प्रश्न त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अरबी ग्रंथाबाबत उभा राहतो. सुबहतुल मर्जान १७६३-६४ साली पूर्ण झाला. त्यात हिंदुस्थानातील उलमांची चरित्रे आहेत आणि एक नवलाचे प्रकरण आहे : भारतीय काव्यशास्त्रातील अलंकार त्यांनी अरबी वाचकांना समजावून दिले, अरबांकडे काय आहे, भारतीयांकडे वेगळे काय आहे आणि स्वतःची भर कोणती, हे निराळे करून. दुसऱ्यांचे ज्ञान घ्यायला संकोच नाही आणि घेतले ते लपवायलाही नाही. परंतु पहिल्या प्रकरणात हिंदुस्थानची महती सांगणारी कथने गोळा केली आहेत, हजरत आदम (अलै.) जन्नतमधून सरंदीप येथे, म्हणजे श्रीलंकेत उतरले, या धर्तीची. त्यांपैकी पुष्कळ कथनांची सनद मुहद्दिसांच्या कसोटीवर दुबळी ठरते. ज्याने सहीह बुखारीवर भाष्य लिहिले त्याला हे कळत नव्हते असे म्हणवत नाही. मायभूमीचे प्रेम चाळणीची भोके थोडी मोठी करते, एवढेच. मात्र कोणते कथन कोणत्या ग्रंथातून घेतले हे ते नोंदवत गेले, म्हणून अडीचशे वर्षांनी माझ्यासारखा सामान्य इमामही ते ग्रंथ उघडून त्यांच्याशी असहमत होऊ शकतो.

१७८६ साली, हिजरी १२०० मध्ये, त्यांचे निधन झाले आणि खुलताबादच्या मातीत अमीर हसन सिज्जी यांच्या सान्निध्यात दफन झाले. बरोबर शंभर वर्षांनी, १८८६ साली, सुबहतुल मर्जान मुंबईत छापला गेला. मआसिरुल उमरा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने त्याच सुमारास छापून काढला, शाहनवाज खानांचे नाव वर, आझादांची प्रस्तावना आत आणि अब्दुल हय खानांच्या खुणा जागच्या जागी.